पलंगाखालचा कॅन

ता. ४, बुधवार

चि. बुटकीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे बाबा बरे नसले तरी सांगणार नाहीत, पण जेवतात व्यवस्थित, तेव्हा बरेच असणार. दिवसभर लोकांची कुलपं दुरुस्त करत बसतात आणि आपल्या घराची किल्ली कुठं ठेवली ते मला विचारतात. जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार सांग. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन वाजला की विहीणबाई आधी कान टवकारतात आणि मग उचलतात. म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं, चौथीनंतर ते सुधारायला कुणी बसलं नाही. लागेल तसं लावून घे.

टेम्पोवाल्या मिशाळकडे ह्या वेळी कॅन दिलेले नाहीत. माझे दोन्ही हात मोकळे बघून तो म्हणाला, "काय मावशी, माया आटली का नळ आटला?" मी म्हटलं, तू गाडी हाक. कॅन गळतो आहे. म्हणजे झाकणातून गळतो. दुसरा आहे त्याला वास येतो. नवे आणू, मग बघू.

आधीचं पाणी तुझ्याकडे शिल्लक असेल तर पिऊ नकोस. शिळं झालं असेल. कुंड्यांना घाल. नको, कुंड्यांनाही नको, मोरीत ओत.

मला ठाऊक आहे, तिथलं पाणी मचूळ आहे, आणि दिवस राहिल्यापासून ते तुझ्या घशाखाली उतरत नाही. घरचं पाणी पोटात ठरतं म्हणूनच तर मी दर बुधवारी मिशाळच्या हातापाया पडून कॅन चढवत होते. पण माणसानं जरा सवय करून घ्यावी. लिंबू पीळ. नाक धर. तुझ्या वेळी मला तर भाताचा वाससुद्धा सहन होत नव्हता, म्हणून काय मी नऊ महिने उपाशी राहिले?

कामावर नवीन काही नाही. म्हणजे आहे, पण त्यात तुला काय. पाणी तपासायच्या खोलीत नवी मॅडम आली आहे. वयानं तुझ्याएवढी, आवाज एवढासा, समोर उभी राहिली तरी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतं. ती आल्यापासून बाटल्या दुप्पट, आणि धुवायला मी एकटी. क्रोमियम म्हणून काहीतरी असतं, ते पाण्यात आहे का बघायचं म्हणे. पंपाच्या विहिरीपलीकडे नळाच्या तोट्यांना चकाकी चढवायचे कारखाने आहेत ना, तिथं ते वापरतात. बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत काढून त्यात औषध घालायचं. पाणी पांढरं राहिलं तर चांगलं. परवा मॅडमनं औषध घातलं आणि नळ्या एकामागून एक गुलाबी झाल्या. दिसायला इतक्या सुरेख की मी म्हटलं, सरबत केलंत काय! कुणी हसलं नाही. मॅडम खुर्चीवर बसली, ती बसलीच.

पूर्वेच्या टाकीचं पाणी होतं ते. असो.

बाळंतपणाला तू पुढच्या महिन्यात इकडे येणार होतीस, ते जरा लांबव. मागच्या भिंतीला ओल आली आहे. तुझे बाबा रंगवून घेऊ म्हणतात. रंगाचा वास तुला चालायचा नाही.

पाणी भरपूर पीत जा.

(दर पत्रात लिहिते म्हणून लिहून गेले. खोडत नाही, कागद फाटेल.)

तुझी
आई


ता. ११, बुधवार

बुटके,

आशीर्वाद आहेतच. तुझी चिठ्ठी मिशाळनं दिली, वर म्हणाला, "लेक फणकाऱ्यात होती." असू दे.

तू लिहितेस, "आई, तू खरं बोलतेस तेव्हा एक वाक्य बोलतेस आणि थापा मारतेस तेव्हा चार कारणं देतेस. गळका कॅन, वासाचा कॅन, शिळं पाणी, भिंतीची ओल. काय झालंय?" शाबास. नऊ महिने आत बसून माझं सगळं बघून घेतलंस वाटतं.

आणि एक भरलेला कॅन तू पलंगाखाली दडवला आहेस, औषधासारखा घोट घोट पुरवतेस, हे वाचून मला दरदरून घाम फुटला. ओत म्हटलं की ओतायचं. लहानपणी सांगितलेलं एक ऐकलं नाहीस, निदान आता पोटातल्यासाठी ऐक.

काय झालं ते सांगते. गुलाबी नळ्यांची बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणजे पाणीखात्याचे, ज्यांना पायरी चढली की धाप लागते ते. ते स्वतः खाली आले. मॅडमनं त्यांना आकडे दाखवले. ते म्हणाले, इतकं? मॅडम म्हणाली, इतकं. मग ते इकडे तिकडे बघत राहिले, जसं काही खोलीतच कुणीतरी लपलंय. आणि त्यांना मी दिसले.

"बाटल्या कोण धुतं?"

"मी."

"कशानं?"

मी ताठ उभं राहून सांगितलं, "केशरी पाण्यानं. काच बघा, हिरा आहे हिरा!"

तुला केशरी पाणी ठाऊक नाही. आमच्या कपाटाच्या खालच्या खणात जाड काचेच्या बरणीत असतं. जहाल. कपड्यावर थेंब पडला की भोक. आधीचे म्हातारे तपासनीस मला ते वापरायला शिकवून गेले. कसलाही डाग असो, नाव उरत नाही. ह्या मॅडमनं आल्या आल्या सांगितलं होतं, माझ्या बाटल्यांना ते लावू नका, साबण आणि साधं आम्ल पुरे. मी हो म्हटलं आणि तिची पाठ वळल्याबरोबर बरणी काढली. कालची पोर मला बाटल्या धुवायला शिकवणार! का नको, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ती बोलते हळू आणि मी ऐकते कमी.

बुटके, त्या केशरी पाण्यातच क्रोमियम असतं. ते क्रोमियमचंच पाणी आहे. काचेला चिकटून राहतं, किती खळबळलं तरी थोडं राहतं.

मॅडमचा चेहरा उतरला. साहेबांचा असा फुलला की काय सांगू! मला बसायला खुर्ची दिली. मला! चहा मागवला. "बाई, तुमच्या बाटल्यांनी आमच्या तोंडाला फेस आणला," म्हणाले आणि पोट धरून हसले. म्हणजे पाणी चांगलं आहे, दोष बाटल्यांचा. दारात उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. माझ्या हातून चूक झाली म्हणून एवढी माणसं खूश झालेली मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि मला त्या खुर्चीवर बसवेना. चहा तसाच राहिला.

तर असं आहे. पाणी चांगलं आहे, सगळे तसंच म्हणतात. मॅडम एकटी म्हणत नाही. ती म्हणते नव्या बाटल्या घेऊन पुन्हा बघायला हवं. साहेब म्हणतात गरज नाही.

पण कॅन ओत. पाणी चांगलं असलं तरी ओत. का ते विचारू नकोस. आणि इकडे यायचं नाव काढू नकोस अजून.

तुझ्या अंगावर कुठं पुरळ, पोटात कळ, असं काही आहे का? खरं लिही. विहीणबाईंना दाखवू नकोस हे पत्र.

आई


ता. १८, बुधवार

माझ्या बुटके,

तू ओतलं नाहीस. "पाणी चांगलं आहे आणि तरी ओत, हे कसलं बोलणं? खरं सांगेपर्यंत कॅन पलंगाखालून हलणार नाही," असं लिहिलंस. हट्टी माणसाच्या पोटी हट्टीच यायचं.

मग घे. एकच वाक्य लिहिते, म्हणजे तुला खरं वाटेल.

ते कॅन मी केशरी पाण्यानं धुतले होते.

लिहून टाकलं. आता जरा उठून हिंडून आले. तुझ्या बाबांनी विचारलं, काय झालं, तोंड असं का? मी त्यांच्यावर ओरडले की किल्ल्यांचा पसारा आवरा. त्यांना वाटतं मी रागावले आहे. त्यांना लग्नापासून असंच वाटतं. मी घाबरले की ओरडते, हे तुला तरी ठाऊक आहे. गेले पंधरा दिवस मी ह्या घरात नुसती ओरडते आहे.

तुला उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी माळ्यावरचे कॅन काढले. आतून हिरवे झालेले, शेवाळ धरलेले. साबणानं जाईना, आत हात पोचेना. मला वाटलं, पोटुशी पोर, तिला कसं पाठवायचं हे? म्हणून कामावरून एका छोट्या बाटलीत केशरी पाणी आणलं. चोरून. थोडं थोडं प्रत्येक कॅनमध्ये घातलं, हलवलं, मग खळबळून खळबळून ओतलं. कॅन कसे लखलखीत झाले. मी तुझ्या बाबांना नेऊन दाखवले. म्हटलं, बघा, माझ्या लेकीला असल्या स्वच्छ कॅनमधून पाणी जाईल. आणि तू लिहिलंस, आई, तुझ्याच पाण्यानं मी जगते आहे. ते पत्र मी शेजारच्या शिवणवालीला वाचून दाखवलं होतं.

आता बघ माझं काय झालं. साहेब म्हणतात दोष बाटल्यांचा, केशरी पाण्याचा. मग गाव सुटलं. गावात कुणीच त्या बाटल्यांतून पाणी पीत नाही. त्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यातून पाणी पिणारं सगळ्या जगात एकच माणूस आहे, ती तू. आणि मॅडम म्हणते दोष पाण्याचाच असणार. मग आपल्या नळाला येणारं तेच पूर्वेचं पाणी मी भरभरून तुला पाठवलं, आणि पाठवायच्या आधी जन्मभर पाजलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या दोन्हीकडचं पाणी गुलाबी.

लोक चूक आपली निघू नये म्हणून देवाला विनवतात. मी काय विनवू, ते मला कळेना. एकदा म्हणते चूक माझी निघू दे, गाव वाचू दे. लगेच तू डोळ्यांसमोर येतेस, पेला तोंडाला लावलेली. मग म्हणते नको, सगळ्या गावाचं पाणी वाईट निघू दे. असं मागणारी आई असते का गं कुठं?

साहेबांनी येत्या सोमवारी नगरपालिकेच्या सभागृहात लोकांना बोलावलं आहे, कारण कुजबुज वाढली आहे. मला म्हणाले, "तुम्ही फक्त उभं राहायचं आणि बाटल्या कशानं धुतल्या ते सांगायचं. खरंच तर सांगायचंय." खरंच आहे की. त्यात खोटं काही नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते.

काल जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमकडे गेले. ती खिडकीशी उभी राहून पाव खात होती. मी म्हटलं, तुमचं काम मी नासवलं, शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी एक ऐका. आणि कॅनचं सांगितलं. मला वाटलं ती किंचाळेल. तिनं पाव कागदात गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "किती महिने झालेत तिला?" तेवढंच. मग माझं रडू जे सुटलं ते आवरेना. ती माझ्या डोक्यावर हात ठेवायला आली, पण उंची पुरेना, खांद्यावरच थोपटत राहिली.

मी विचारलं, बाळाला काय होईल? ती म्हणाली, "मला ठाऊक नाही." साहेब असते तर म्हणाले असते, काही होत नाही हो. म्हणूनच तिचं मला खरं वाटलं. म्हणाली, त्यात होतं का आणि असलं तर किती, हे आधी बघू. कॅनमधलं पाणी आहे का शिल्लक? मी म्हटलं, मी दोनदा ओत म्हणून लिहिलं, पण माझ्या पोरीनं कधी ऐकलंय!

पहिल्यांदाच तुझ्या न ऐकण्याला हात जोडले.

म्हणून ह्या पत्राबरोबर मिशाळकडे एक प्लास्टिकची नवी बाटली देते आहे. मॅडमची आहे, मी तिला हात लावलेला नाही, पिशवीसकट दिली आहे. कॅनमधलं थोडं पाणी तिच्यात घाल, खळबळून टाक, मग काठोकाठ भर आणि झाकण घट्ट लाव. आत बोट घालू नकोस. मिशाळ उद्याच परत फिरणार आहे, त्याच्या हातात दे. त्याला मी सांगितलं आहे, ही बाटली सांडलीस तर तुझ्या मिशा उपटीन. तो ह्या वेळी हसला नाही. माझं तोंड बघून म्हणाला, "मावशी, मांडीवर ठेवून आणतो."

उरलेलं पाणी ओत. उकळून प्यावं असं मनात आलं असेल तर तेही नको. मॅडम म्हणते उकळल्यानं हे जात नाही, पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. आणि मी सगळं पाणी आजवर उकळून तुला दिलं आहे.

डॉक्टरांकडे जा. जाताना जावईबापूंना घेऊन जा आणि सगळं सांग. आईनं केलं म्हणून सांग. लाजू नकोस.

पिऊ नकोस.

आई


ता. २५, बुधवार

माझ्या पोरी,

आधी एक वाक्य.

तुझ्या कॅनच्या पाण्याचा रंग आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याचा रंग सारखाच निघाला.

आता सविस्तर. मॅडमनं साहेबांना न विचारता नव्या बाटल्या मागवल्या होत्या. मला हात लावू दिला नाही, आणि मीही लावला नसता. तिनं स्वतः हिंडून पाणी भरलं. पूर्वेच्या टाकीच्या घरांतलं, डोंगराच्या टाकीच्या घरांतलं, आपल्या घरचं, आणि तू पाठवलेलं. सगळं टेबलावर ओळीनं मांडलं. मला म्हणाली, तुम्ही थांबा इथंच. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. ती औषध घालत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत नव्हते, तिच्या मानेकडे बघत होते. वाईट काही असलं की तिची मान ताठ होते, तेवढं मला इतक्या दिवसांत कळलंय.

डोंगराच्या टाकीचं पाणी पांढरं राहिलं. बाटल्या त्याच, औषध तेच, पाणी पांढरं. पूर्वेचं गुलाबी झालं. पहिल्या वेळेइतकं गडद नाही, ती जास्तीची गडदी माझ्या धुण्याची होती, पण गुलाबी. आपलं गुलाबी. मग तुझं. मॅडमनं दोन्ही नळ्या शेजारी शेजारी उजेडात धरल्या, मग यंत्रात घातल्या, आणि म्हणाली, "सारखंच आहे. कॅनमुळे काही वाढलेलं नाही. जे आहे ते नळाचं आहे."

बुटके, सगळ्या पूर्वेकडच्या लोकांचं पाणी वाईट निघालं आणि तुझ्या आईला हायसं वाटलं. मी भिंतीला पाठ घासत खाली बसले आणि हसले. मॅडमनं पाहिलं. मग माझं हसू विरलं. कारण नळाचं हे पाणी तू माझ्या पोटात होतीस तेव्हापासून पितेस. कॅन तर आत्ताचे.

सोमवारी सभागृह खचाखच भरलं होतं. साहेबांनी आधी बाटल्यांची गंमत सांगितली, आमच्या बाईंनी जरा जास्तच स्वच्छता केली वगैरे. लोक हसले. मग मला उभं केलं. मी म्हटलं, "बाटल्या मी केशरी पाण्यानं धुतल्या. मॅडमनं नको सांगितलं होतं, तरी धुतल्या. चूक माझी." साहेब मान हलवत होते. मी म्हटलं, "पण नव्या बाटल्यांना माझा हात लागलेला नाही आणि पूर्वेचं पाणी त्यातही गुलाबी झालंय. माझ्या घरचंही. पिऊ नका. उकळूनही पिऊ नका." साहेबांची मान हलायची थांबली. मॅडम उठून उभी राहिली आणि आकडे वाचायला लागली. तिचा तो एवढासा आवाज, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला, कारण कुणी श्वासही घेत नव्हतं.

मग आरडाओरडा झाला. तो व्हायचाच. पण मला लागलं ते दुसरंच. शिवणवाली उठली. आपली शेजारीण, तुझ्या बाळाची झबली शिवून ठेवलीत तिनं. ती ओरडली नाही. म्हणाली, "तू तीन आठवडे डोंगराकडच्या नळावरून पाणी आणतेस. मी विचारलं तर म्हणालीस घरचा नळ बिघडलाय. माझी नात तुझ्या दारासमोर खेळते. तिला रोज तहान लागते."

मी तोंड उघडलं. खात्री नव्हती, नोकरी जाईल असं वाटलं, लोक घाबरतील, चूक माझीच असली तर उगाच बोभाटा, अशी कारणं मनात येत होती. मोजली तर चार भरली. तेव्हाच गप्प बसले.

ती माझ्याशी बोलत नाही. झबल्यांचं गाठोडं मात्र दारात ठेवून गेली. आत आणलं आहे.

आता पूर्वेकडे टँकरनं पाणी येतं. लोक बादल्या घेऊन रांगेत उभे असतात, मी गेले की थोडी जागा सोडतात, मान म्हणून नाही. साहेबांनी मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आहे. कायमचं का थोडे दिवस, ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. मॅडम अजून आहे. कारखान्यांकडे माणसं गेली आहेत, खड्डे उकरून बघणार म्हणे. तुझे बाबा म्हणतात, "जन्मभर प्यालो, काय झालं?" म्हणतात आणि पेला हातात धरून बराच वेळ त्यात बघत बसतात. परवापासून तेही बादली घेऊन रांगेला येतात.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके चांगले आहेत, रक्त तपासू, घाबरू नका, असं सांगितलं, ते वाचलं. चार वेळा वाचलं. तरी मी घाबरलेली आहे, आणि ते बाळ बाहेर येऊन माझ्यासारखं ओरडेपर्यंत घाबरलेलीच राहीन. तुला तसं सांगणार नव्हते. पण आता तुझ्याशी थापा मारायची मला भीती वाटते.

बाळंतपणाला तू इकडे यायचं नाही. मीच येते. विहीणबाईंना सांग, एका कोपऱ्यात अंथरूण टाकलं तरी पुरे, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसणार नाही. थोडंफार खुपसेन, पण सांगताना नाही म्हण. येत्या बुधवारी मिशाळच्या शेजारी बसून निघते. झबल्यांचं गाठोडं आणते. बाकी हात रिकामे. तुझ्याकडे पहिल्यांदाच पाण्याशिवाय येते आहे.

तिथलं ते मचूळ पाणी एका पेल्यात काढून ठेव. तुझ्या घशाखाली उतरत नाही ना, आपण दोघी समोरासमोर बसू. आधी मी पिईन. मग तू.

तुझी
आई